तिसऱ्या दिवशीचा पाहुणा

कोरियाहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. एक, तिथले लोक खरेच मालिकांतल्यासारखे देखणे असतात का. आणि दुसरा, ते कुत्रे खातात का. पहिल्याचे उत्तर असे की आपल्या मालिकांतली माणसे जितपत आपल्यासारखी दिसतात तितपतच. दुसऱ्याचे उत्तर, ती चाल तेथे केव्हाची ओसरत आली होती आणि जानेवारी २०२४ मध्ये तेथील संसदेने तो धंदाच बंद करण्याचा कायदा संमत केला. एवढे ऐकले की विचारणाऱ्याचे समाधान होते. परंतु सोलमध्ये दीड वर्ष भाषा शिकत राहिल्यावर ज्या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला तो मला अद्याप कोणी विचारलेला नाही. तेथे परका माणूस किती दिवस परका राहतो?

आपल्याकडे एक म्हण आहे. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. म्हणीचा रोख पाहुण्यावर आहे. त्याने वेळेवर निघावे. पण जो पाहुणा म्हणून आलेलाच नाही, जो कामाला आला आहे, त्याने तिसऱ्या दिवशी काय करावे? माझे मत असे झाले आहे की कोरियन समाजाचे पहिल्या दिवसाचे आतिथ्य अव्वल दर्जाचे आहे. तिसऱ्या दिवसाची सोय मात्र त्याने मनापासून केलेली नाही, आणि कायद्याने तर तो दिवस उजाडूच नये अशी तजवीज करून ठेवली आहे.

पहिल्या दिवसाविषयी तक्रारीला जागा नाही. भुयारी रेल्वेच्या नकाशापुढे गोंधळून उभे राहावे, तर कोणीतरी आपली वाट सोडून योग्य फलाटापर्यंत पोचवून जाते. खाणावळीत बसल्यावर न मागता आलेल्या भाज्यांच्या वाट्या संपल्या की पुन्हा भरून मिळतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. हिवाळ्यात जमिनीखालून खोली उबदार ठेवणारी 'ओन्दोल' नावाची त्यांची जुनी युक्ती आहे. तीमुळे जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या मराठी मुलीला तर माहेरी आल्यासारखे वाटते. (शाकाहारी मुलीला तितकेसे नाही. निरुपद्रवी दिसणाऱ्या किमचीतही खारवलेली कोळंबी वा माशाचा रस असतो, हे कळेपर्यंत पुष्कळ किमची पोटात गेलेली असते. बौद्ध मठांतले जेवण तेवढे निर्धास्त. त्यात तर कांदा-लसूणही वर्ज्य. आमच्या आजीचा चातुर्मास तेथे सुखाने पार पडेल.)

भाषेनेही मला पहिल्या दिवशी फार जवळ घेतले. कोरियन वाक्यात क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते, नामाला प्रत्यय मागून लागतात. भेटल्यावर 'जेवलात का?' असे विचारण्याची रीत तेथेही आहे, आणि त्याला खरे उत्तर अपेक्षित नसते हेही आपल्यासारखेच. तू, तुम्ही, आपण यांचा जो गुंता आपण सांभाळतो, त्याच्या दुप्पट गुंता ते क्रियापदाच्या शेवटात सांभाळतात. थोरांशी 'चोन्दैमल', बरोबरीच्यांशी आणि लहानांशी 'पान्मल'. म्हणून तर नव्या ओळखीत वय विचारले जाते. ते विचारणे म्हणजे भोचकपणा नव्हे. क्रियापद कसे संपवावे याची ती चौकशी असते. त्यांच्या जुन्या हिशेबात मूल जन्मताच एक वर्षाचे होई आणि नव्या वर्षाला सगळ्यांचेच वय एकदम वाढे. जून २०२३ पासून कायद्याने आंतरराष्ट्रीय पद्धत लागू केली, तेव्हा अवघा देश कागदावर एक-दोन वर्षांनी तरुण झाला.

आणि सगळ्यांत मौजेची गोष्ट म्हणजे 'इमो'. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. खाणावळीत वाढणाऱ्या बाईला तेथे 'इमो!' अशी हाक मारतात. आपल्या वसतिगृहातल्या मावशींना आपण हाक मारतो, अगदी तशीच. आत्याला या कामी त्यांनीही घेतलेले नाही आणि आपणही नाही. वाढायला मावशीच लागते, यावर दोन देशांचे एकमत दिसते.

दुसरा दिवस सुरू होतो तो ओळखपत्रापासून. तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परदेशीयाला ९० दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. मिळालेल्या कार्डावर इंग्रजीत काही वर्षांपूर्वीपर्यंत 'एलियन' असा शब्द होता, तो आता गेला. तेरा आकडी क्रमांक मात्र आहे. त्याचे पहिले सहा आकडे जन्मतारखेचे. सातवा आकडा नागरिकाचा असेल तर १ ते ४, परदेशीयाचा असेल तर ५ ते ८. म्हणजे नाव न वाचता, तोंड न पाहता, एका आकड्यावरून कळते की हा आतला की बाहेरचा.

त्यात आमची नावे. कोरियन नाव बहुधा तीन अक्षरांचे. माझ्या पारपत्रावर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव मिळून रोमन लिपीतली पंचवीस अक्षरे भरतात. कार्डावर ती सगळी आली. एका बँकेने शेवटची चार कापली. फोन कंपनीने मधल्या जागा काढून सलग मालगाडी केली. आणि त्या देशात रेल्वेचे तिकीट काढण्यापासून पुस्तक मागवण्यापर्यंत जागोजागी फोनवरून ओळख पटवावी लागते. तिन्ही ठिकाणचे नाव अक्षरशः जुळले नाही तर यंत्र म्हणते, अशी व्यक्ती अस्तित्वात नाही. खिडकीमागची मुलगी अत्यंत नम्र होती. ती तीनदा झुकली, तीनदा क्षमा मागितली, पण तिच्या पडद्यावर मी नव्हतेच. माणूस नम्र आणि व्यवस्था आंधळी, हा अनुभव मला तेथे इतक्या वेळा आला की तक्रार नेमकी कोणाकडे करावी हेच कळेना.

या सुमारास आणखी एक शब्द मला खुपू लागला. 'उरी' म्हणजे आपण किंवा आम्ही. कोरियन माणूस माझे घर, माझी आई असे सहसा म्हणत नाही. 'उरी' घर, 'उरी' आई म्हणतो. देशाला तर नावाऐवजी 'उरी नारा' म्हणण्याचीच रीत. आता मराठीत 'आमचा देश' वेगळा आणि 'आपला देश' वेगळा. ऐकणाऱ्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे हे आपल्या सर्वनामातच ठरते. कोरियनमध्ये एकच शब्द दोन्ही कामे करतो. मी भाषांतराचा अभ्यास करताना दर वेळी अडखळत असे: समोरचा माझ्याशी बोलताना 'उरी नारा' म्हणाला, तर मी काय लिहावे? दीड वर्षात मला एकदाही 'आपला' असे लिहिता आले नाही.

येथवरचे सारे दुःख खाऊनपिऊन सुखी विद्यार्थिनीचे आहे, याची मला जाणीव आहे. खरा तिसरा दिवस मी पाहिला तो दुसऱ्यांचा. सोलच्या पूर्वेकडील छांगशिन भागात नेपाळी खाणावळी आहेत. रविवारी तेथे आसपासच्या औद्योगिक गावांतून नेपाळी कामगार डाळभातासाठी येतात. मीही डाळीसाठीच जात असे. त्यांच्याशी हिंदीत बोलता येई. त्यांतला एक ओतकामाच्या कारखान्यात होता. तो म्हणाला, पहिला कोरियन शब्द शिकलो तो 'पल्ली-पल्ली', म्हणजे लवकर-लवकर. आणि दुसरा 'या!', म्हणजे 'ए!'. त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असलेला पोरगा त्याच्याशी पान्मल बोले. जो समाज एका वर्षाच्या अंतराने क्रियापद बदलतो, तो चाळिशीच्या माणसाला अरे-तुरे करतो, तेव्हा ती चूक व्याकरणाची नसते.

२०१९ च्या अखेरीस कोरियात परदेशीयांची संख्या २५ लाखांवर गेली होती. कमी जन्मदरामुळे माणसे अपुरी पडलेल्या कारखान्यांत, शेतांत, बोटींवर नेपाळ, व्हिएतनाम, कंबोडिया अशा देशांतले कामगार येतात ते २००४ पासून लागू झालेल्या परवाना-पद्धतीने. (भारत त्या देशांच्या यादीत नाही.) ही पद्धत आधीच्या 'प्रशिक्षणार्थी' या गोंडस नावाखाली चाललेल्या पद्धतीपेक्षा पुष्कळ बरी, हे मान्य केले पाहिजे. पण तीत कामगाराला मनाजोगा मालक बदलता येत नाही; ठरलेली कारणे असतील तरच, आणि तेही तीन वर्षांत तीनदाच. कुटुंब आणता येत नाही. मुक्काम ३ वर्षांचा, मालकाने मागितल्यास आणखी १ वर्ष १० महिन्यांचा. एकूण ४ वर्षे १० महिने. हा विचित्र आकडा कोठून आला? कायम वास्तव्याचा वा नागरिकत्वाचा विचार व्हायला साधारणतः सलग ५ वर्षे राहावे लागते. त्याच्या आत दोन महिने, म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या पहाटे, पाहुण्याला उठवून दाराबाहेर काढायचे! पुढे पुन्हा बोलावता येते, पण मोजणी नव्याने. कुशल कामगाराच्या परवान्याची एक अरुंद वाट आहे. त्या नेपाळी गृहस्थाच्या पिशवीत त्यासाठीच कोरियन व्याकरणाचे पुस्तक असे.

मालक बदलता न येणे म्हणजे काय, हे आकड्यांतून कळत नाही. डिसेंबर २०२० मध्ये कडाक्याच्या थंडीच्या लाटेत फोचॉन येथे कंबोडियाची एक शेतकामगार स्त्री हरितगृहात उभारलेल्या निवाऱ्यात मरून पडलेली आढळली. जून २०२४ मध्ये ह्वासॉंग येथील बॅटरीच्या कारखान्याला आग लागली. मेलेल्या २३ जणांपैकी १८ परदेशीय होते. मार्च २०२१ मध्ये सोल महानगराने सर्व परदेशीय कामगारांनी कोरोनाची चाचणी करून घेतलीच पाहिजे असा हुकूम काढला. त्याच कारखान्यातल्या कोरियन कामगाराला तो नव्हता, जणू रोगजंतू सातवा आकडा पाहून शिरतो. बोंब झाल्यावर तो थोड्याच दिवसांत मागे घेतला गेला.

याचे समर्थन करताना तेथील सुशिक्षित माणूसही म्हणतो, आम्ही एकवंशीय राष्ट्र, आम्हांला सवय नाही. हे मला पटत नाही. भारतीय म्हटले की हीच मंडळी मोठ्या कौतुकाने हॉ ह्वांग-ओक राणीची कथा सांगतात. 'साम्गुक युसा' या तेराव्या शतकातल्या ग्रंथाप्रमाणे ती इ.स. ४८ मध्ये आयुता नामक दूरदेशाहून बोटीने आली आणि सुरो राजाची राणी झाली. आयुता म्हणजे अयोध्या, असे पुष्कळजण मानतात. इतिहास म्हणून कथेचे जे काय व्हायचे ते होवो. पण किम्हेचे किम या कुळातले लाखो लोक आजही तिला आपली आदिमाता मानतात. परदेशी आजी चालते, परदेशी शेजारी चालत नाही, ही कसली सवय? त्याच किम्हे शहराच्या कारखान्यांत आज दक्षिण आशियातले कामगार राबत आहेत.

शिवाय परदेशी राबण्याची सवय तर त्यांना चांगलीच आहे. १९६३ पासून पुढची कित्येक वर्षे हजारो कोरियन तरुण पश्चिम जर्मनीच्या खाणींत उतरले, हजारो तरुणी तेथील रुग्णालयांत परिचारिका झाल्या. त्यांनाही मुदत घालूनच बोलावले होते. मुदत संपल्यावर परत धाडण्याची भाषा सुरू झाली तेव्हा त्या परिचारिकांनी सह्या गोळा करून राहण्याचा हक्क मिळवला. कोरियात आज त्यांचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. दक्षिणेकडे नामहे येथे परतलेल्यांसाठी वसवलेले लाल छपरांचे 'जर्मन गाव' पाहायला पर्यटकांची रीघ लागते.

कोणी म्हणेल, आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? काहीच नाही. पुण्यात शिकणाऱ्या मणिपुरी वा नागा मुलीला 'तुम्ही चीनच्या का?' हा प्रश्न आठवड्यातून किती वेळा ऐकावा लागतो, ते तिलाच विचारावे. आणि तिच्या कार्डावर तर सातवा आकडाही वेगळा नाही. पण आपले वाईट आहे म्हणून त्यांचे चांगले ठरत नाही.

तसेच 'तो देशच वंशद्वेष्टा' असे म्हणून मोकळे होणेही खोटे. २००९ साली बुचॉन शहरात बसमधून जाणाऱ्या एका भारतीय संशोधकाला एका प्रवाशाने रंगावरून शिवीगाळ केली. भेदभावाविरुद्ध वेगळा कायदाच नसल्यामुळे साध्या अपमानाच्या कलमाखाली खटला झाला आणि न्यायालयाने त्या माणसाला दहा लाख वॉन दंड केला. त्याच्या बाजूने उभे राहिलेले लोक कोरियनच होते. भेदभावविरोधी विधेयक २००७ मध्ये प्रथम आले, नंतर अनेकदा आले आणि दर वेळी अडले. ते पुन्हा पुन्हा मांडणारेही कोरियनच. मालक बदलण्यावरचे निर्बंध संविधान न्यायालयात नेले तेही तेथील वकिलांनी. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने ते निर्बंध वैध ठरवले, ही गोष्ट वेगळी.

स्थलांतरित कामगारांच्या संघटनेने नोंदणीसाठी अर्ज केला तो २००५ मध्ये. सरकारने तो फेटाळला. तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला जून २०१५ मध्ये. ४ वर्षे १० महिन्यांच्या मापाने मोजले तर या दहा वर्षांत कामगारांच्या दोन पिढ्या आल्या आणि गेल्या.