पेटीतले पेन्शनचे कागद बाहेर काढा!

दर १ जानेवारीला तोच आरोप ठरलेला असतो : कोरेगावचे महार सैनिक इंग्रजांचे भाडोत्री होते. आम्ही चिडतो, पोस्ट टाकतो आणि २ जानेवारीला विसरतो.

आरोप करणाऱ्यांना आमचा साधा सवाल आहे. पेशव्यांच्या बाजूने अरब लढले. कंपनीच्या पलटणीत मराठे होते, मुसलमानही होते. मग ठपका एकट्या महारांवरच का?

पण त्याहून कडक सवाल आपल्याला स्वतःलाच आहे. आपल्या हातात कागद किती आहेत?

कोरेगावची लढाई झाली त्याच १८१८ साली अमेरिकेने आपल्या स्वातंत्र्ययुद्धातल्या गरजू सैनिकांसाठी पेन्शनचा कायदा केला. १८३२ साली आणखी एक कायदा आला. म्हाताऱ्या सैनिकांनी कोर्टात शपथेवर आपली नोकरी सांगितली. ती हजारो प्रकरणे आज तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यात जेहू ग्रँट आहे. मालकाकडून पळून सैन्यात गेलेला हा काळा गुलाम. 'पळालेला गुलाम' म्हणून त्याची पेन्शन नाकारली गेली. पण अर्ज आणि नकार दोन्ही उरले, म्हणून अन्याय आज पुराव्यानिशी मांडता येतो.

ही कागदाची लढाई आपल्यालाही नवी नाही. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळेंनी तीच मागणी थेट भारतमंत्र्यांकडे नेली. त्यांचे बळ घोषणेत नव्हते. पूर्वजांच्या नोकरीच्या पुराव्यात होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजीही लष्करी पेन्शनरच.

म्हणून नाशिकच्या तरुणांनो, देवळाली छावणीच्या आसपासच्या आणि जिल्ह्यातल्या वस्त्यांत जा. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली; त्या काळच्या सैनिकांची नातवंडे आज आपल्यातच आहेत. पेन्शनचे पुस्तक, डिस्चार्जचा कागद, पदक, जे सापडेल त्याचा फोटो काढा. नाव, गाव, पलटण, भरतीची तारीख लिहा. कागद घरच्यांकडेच ठेवा. आजीलाही विचारा : आजोबांमागे पेन्शन मिळाली का, नाही तर का नाही?

मुंबईच्या पुराभिलेखागारात जाल तेव्हा नुसते 'महार' शोधून थांबू नका. बॉम्बे आर्मीच्या कागदांत आपले लोक 'परवारी' म्हणूनही नोंदले आहेत. 'नाक'ने संपणारी नावे बघा. कोरेगावच्या स्तंभावरही तीच आहेत.

स्तंभाला मानवंदना द्यायचीच. पण दगडावर मावली ती थोडी नावे. बाकीची कागदावर आहेत आणि कागदाला वाळवी लागते.

जय भीम!