बंद दाराची किंमत

दाह सुरू झाला की ऊतींमधून केमोकाइन ही प्रथिने सुटतात. पांढऱ्या पेशींवरील ‘सीसीआर५’ हा ग्राहक त्यांचा संदेश ओळखतो आणि पेशी तिकडे धावतात. एचआयव्ही बहुतेकदा याच दारातून शिरतो. या जनुकाच्या दोन्ही प्रतींत ठरावीक ३२ अक्षरे गळालेली असतील, तर एचआयव्हीची लागण सहसा होत नाही. हेच साधण्यासाठी जुळ्या मुलींचे जनुक भ्रूणावस्थेतच बदलल्याचे चिनी संशोधक हे जियानकुई यांनी २०१८मध्ये जाहीर केले. पुढे त्यांना ३ वर्षांची कैद झाली. मात्र हे दार नसलेल्यांमध्ये वेस्ट नाइल विषाणूचा आजार गंभीर होण्याचा धोका अधिक असतो. मॅराव्हिरॉक हे औषधही तेच दार अडवते, पण गोळी थांबवता येते. भ्रूणातला बदल पुढच्या पिढीतही उतरू शकतो.