अंगठ्याआधीचे प्रश्न

पेणजवळ रामवाडीतल्या बैठकीत एक बाई म्हणाली, "कॉलेजच्या पोरी येतात. पाळी, गर्भपात, नवऱ्याची मारहाण, सगळं विचारतात, सही घेतात नि जातात. पुढं काय होतं त्याचं?" आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

हा प्रश्न वरवरचा नाही. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं कर्करोग रुग्णालय आणि एक आंतरराष्ट्रीय संस्था त्यात होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांचे चार गट केले. तीन गटांना वेगवेगळ्या चाचण्या देऊ केल्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायांना फक्त माहिती दिली. आठ वर्षांत त्या गटात ६४ जणी या रोगानं गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या ३४,१२६ बायांच्या गटात ३४ गेल्या. २००९ साली निष्कर्ष छापून आले.

संशोधक म्हणाले, जिल्ह्यात एरवीही तपासणी होत नव्हती, मग आम्ही काय हिरावून घेतलं? अभ्यासातून मोलाचं ज्ञान मिळालं, हेही खरं. पण पॅप चाचणी तेव्हा अर्धशतक जुनी होती. सरकारनं गरीब बाईला काही दिलं नाही, म्हणून संशोधकानंही देऊ नये? तिची वंचना हीच तुलनेची पट्टी ठरावी?

विद्यापीठातला अभ्यास इतका मोठा नसतो, सुई टोचत नाही. पण प्रश्नावलीही इजा करते. मारहाणीबद्दल विचारताना सासू दारात उभी असेल, तर त्या रात्री काय होतं, हे कुठल्या प्रबंधात येतं?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नीतिसमितीचा अध्यक्ष बाहेरचा हवा, त्यात एक सामान्य नागरिकही हवा. तो 'सामान्य नागरिक' बहुधा ओळखीतला निवृत्त गृहस्थ असतो. तिथे वस्तीतली बाई का नको?

आमचं म्हणणं साधं आहे. संमतीपत्र तिच्या बोलीत वाचून दाखवा. 'नाही' म्हटलं तर रेशन, दवाखाना काही अडणार नाही, हे स्पष्ट सांगा. बोलणं एकांतात करा. आजार सापडला तर उपचारापर्यंत सोबत जा. आणि निष्कर्ष वस्तीत परत येऊन सांगा.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी वही घेऊन दारात आलं, तर चहा जरूर द्या. पण सहीच्या आधी रामवाडीचा प्रश्न विचारा: पुढं काय होतं त्याचं?