सचिनचं कोपर आणि आमच्या काकूचं कोपर

ऑक्टोबर 2004 आठवतो का? नागपूरच्या सिव्हिल लाइन्स मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. टेनिस एल्बोमुळे आधीचे दोन सामने हुकलेला सचिन त्या सामन्यात परतला. आपण हरलो, ते सोडा. पण त्या दिवसांत भंडाऱ्याच्या पानठेल्यावर सुद्धा 'टेनिस एल्बो' हा शब्द पोचला होता. मे 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरात पुन्हा नागपुरातच श्रीलंकेविरुद्ध 93 धावा. सगळ्या देशाला त्या एका कोपराची काळजी होती.

आता आमच्या गल्लीतल्या काकूंचं कोपर बघा. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धानकापणी, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे पुडे बांधणे. चहाचा कप उचलताना हात थरथरतो, धुणं पिळताना डोळ्यात पाणी येतं. टेनिसची रॅकेट त्यांनी जन्मात पाहिली नाही. पितळी भांडी ठोकणारे, मोहाडी-आंधळगावचे कोसा विणणारे, विळा धरणारे, रोग सगळ्यांना तोच. पण यांच्या दुखण्याला नाव नाही. "हात धरला" म्हणतात आणि दवाखान्यात जाऊन सांगतात, "साहेब, सुई मारा, उद्या रोवण्याले जायाचं आहे."

आणि सुई मिळते. माझा राग इथे आहे.

मी स्वतः हे भोगलं आहे. मोटारसायकल, कॅमेरा, रात्री मोबाइलवर बातम्या टाइप करणं. उजवं कोपर गेलं. एका खासगी दवाखान्यात वर्षभरात कोपरात तीन इंजेक्शनं घेतली. पहिल्याच्या वेळी वाटलं, जादू आहे बा! दीड-दोन महिन्यांत दुखणं परत, आणि आधीपेक्षा जास्त. व्यायामाचा 'व्य' कोणी काढला नाही.

ही माझ्या एकट्याची रड नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला 198 रुग्णांवर झालेला अभ्यास 2006 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सहा आठवड्यांनी स्टेरॉइडची सुई घेणारे सगळ्यांत पुढे होते. पण बरं वाटलेल्यांपैकी 72 टक्के लोकांचं दुखणं नंतर उलटलं, आणि वर्षाच्या शेवटी तेच सगळ्यांत मागे पडले. कारण साधं आहे. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची शीर कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेली असते. वारंवार घट्ट पकडीने ती झिजते. सुई दुखणं दाबते, शिरेत ताकद भरत नाही. ताकद हळूहळू वजन दिल्यानेच येते.

त्यासाठी मशीन लागत नाही. स्वीडनच्या उप्सालात 81 जुन्या रुग्णांवर झालेल्या प्रयोगात काय वापरलं? पाण्याचा प्लास्टिकचा डबा! हात टेकवून, तळवा खाली करून, बायांना एक किलो, पुरुषांना दोन किलो. रोज पंधरा-पंधराचे तीन फेरे, दर आठवड्याला डबाभर नाही, फक्त 100 मिली पाणी जास्त. तीन महिने. नुसती वाट पाहणाऱ्यांपेक्षा यांचं दुखणं जास्त कमी झालं. पाण्याचा डबा कोणाच्या घरी नाही, सांगा!

काही डॉक्टर मित्र म्हणतील, काहीच केलं नाही तरी बहुतेकांचं वर्षभरात कमी होतं. खरं आहे. पण रोजीवर जगणाऱ्या बाईने वर्षभर थांबायचं कसं? आणि डबा घरी असला तरी वजन किती, दुखलं तर किती सहन करायचं, कधी थांबायचं, हे शिकवायला माणूस पाहिजे. मानेतून आलेली कळ असेल तर हा व्यायाम कामाचाच नाही, म्हणून आधी कोणीतरी हात तपासला पाहिजे. मला तो माणूस नागपुरात सापडला, साठ-पासष्ट किलोमीटरवर. मी बस पकडून गेलो. लाखांदूरच्या मजूर बाईने रोजी पाडून तिकडे किती फेऱ्या मारायच्या?

2021 मध्ये संसदेने फिजिओथेरपीसह या सगळ्या व्यवसायांसाठी कायदा केला. गावोगावच्या उपकेंद्रांवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशा पाट्या लागल्या. पाटी रंगवायला वेळ लागत नाही. माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून निदान एक ठरलेला वार फिजिओथेरपिस्टचा असावा आणि तो वार दारावर लिहिलेला असावा. उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना हा एक व्यायाम शिकवावा. रोवणी सुरू व्हायच्या आधी, नंतर नाही.

पुढच्या आमसभेत मी हा प्रश्न लेखी देणार आहे. तुमसर, पवनी, साकोली, लाखनी, मोहाडी, लाखांदूरवाल्यांनो, उद्या आपापल्या सरकारी दवाखान्यात जाऊन एवढंच विचारा, "फिजिओथेरपीचा वार कोणता?" जे उत्तर मिळेल ते जसंच्या तसं खाली कमेंटमध्ये लिहा. तेच अर्जाला जोडतो.