दुधाची पारख आमच्यासमोर आणि आकड्यात व्हावी
(सूस परिसरातील दूध उत्पादक व रतीबवाल्यांचे मागणीपत्र)

प्रति,
मा. सहआयुक्त (अन्न), अन्न व औषध प्रशासन, पुणे
मा. आयुक्त, दुग्धव्यवसाय विकास, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका

विषय : दुधातील युरियाची तपासणी वनस्पतिजन्य विकराच्या साहाय्याने, मोजून करण्याबाबत.

महोदय,

2021 मध्ये सूस पुणे महापालिकेत गेले. गोठ्यांशेजारी सोसायट्या उभ्या राहिल्या, गिऱ्हाईक दाराशी आले आणि ‘दूध चोख कशावरून?’ हा प्रश्नही आला. प्रश्न रास्त आहे. पाणी घातलेल्या दुधाचा एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ) फुगवायला युरिया टाकणारा गिऱ्हाइकाला फसवतो आणि चोख दूध घालणाऱ्याचा भावही पाडतो. म्हणून तपासणी हवीच. तक्रार आहे ती पद्धतीबद्दल.

युरिया प्रत्येक दुधात निसर्गतःच असतो. कायद्याने त्याची मर्यादा दशलक्ष भागांत 700 भाग, म्हणजे 100 मिलीत सुमारे 70 मिलिग्रॅम ठरवली आहे. पावसाळ्यात कोवळा हिरवा चारा आणि त्यावर सरकी पेंड पडली की तो वाढतो. रसायन टाकून पिवळा रंग पाहण्याच्या चाचणीत चोख दूधही फिकट पिवळे दिसते. फिकट कुठे संपते आणि गडद कुठे सुरू होते, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर राहते. आमच्यातल्या एकाचा भरलेला कॅन एका संकलन केंद्रावरून असाच परत आला. कागद नाही, आकडा नाही. गावात बोभाटा मात्र झाला. 2018 च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात 6,432 नमुन्यांपैकी भेसळीमुळे असुरक्षित ठरले फक्त 12, त्यांत युरियाचे 2. चोर थोडे आहेत. संशय मात्र सगळ्यांवर आहे.

उपाय आपल्या डब्यातच आहे. चमचाभर दुधात अर्धा चमचा कच्च्या तुरीची पूड हलवून पाच मिनिटे ठेवली आणि तांबडा लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवला, की युरिया जास्त असल्यास तो निळा होतो. तुरीतला ‘युरिएज’ हा विकर युरिया फोडून अमोनिया काढतो. डाळ भाजली तर विकर मरतो आणि चाचणी फसते. घरी पाहायला हे पुरे; कोणाला दोषी ठरवायला पुरे नाही.

मोजायचे तर हाच विकर जेलीच्या मण्यांत किंवा काचेच्या कणांवर पक्का बसवतात. तो दुधात विरघळून जात नाही, धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतो आणि उपकरणाला जोडला की युरियाचा आकडा देतो. तुरीच्या युरिएजवर बनारस हिंदू विद्यापीठात, तर दुधातील युरिया मोजण्यावर बिट्स पिलानीच्या गोवा संकुलात असे संशोधन झाले आहे. प्रयोगशाळेतले हे काम आता संकलन केंद्रापर्यंत यावे.

म्हणून आमच्या मागण्या :

1. सूस परिसरातील एका संकलन केंद्रावर अशा उपकरणाची वर्षभर चाचणी घ्यावी, म्हणजे तिन्ही ऋतूंतला चारा तिच्यात येईल. उपकरणाचे आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यांशी ताडून पाहावेत.
2. केवळ रंग पाहून दूध नाकारू नये. आकडा, वेळ आणि तपासणाऱ्याची सही असलेली पावती द्यावी.
3. तपासणी उत्पादकासमोर व्हावी. वाद झाल्यास त्याच कॅनमधला सीलबंद नमुना अन्न विश्लेषकाकडे जावा आणि अहवाल कायद्यातील 14 दिवसांत मिळावा.
4. आकडा मर्यादेजवळ आल्यास पशुवैद्यकाने गोठ्यावर येऊन चारा-पेंड तपासावी.
5. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 नुसार ग्राहकाला स्वतः नमुना तपासून घेता येतो. त्याचे शुल्क आणि ठिकाण यांचा मराठी फलक महापालिकेने प्रभागात लावावा.
6. उपकरणाचा खर्च उत्पादकाच्या लिटरमागच्या दरातून कापू नये.

आमच्याकडून एक शब्द देतो. उपकरणाने आणि नंतर अन्न विश्लेषकाने ज्याच्या दुधात युरियाची भेसळ सिद्ध केली, त्याच्यासाठी आमची संघटना रदबदली करणार नाही. तो आमचा सभासदही राहणार नाही.

आपले,
सूस परिसरातील दूध उत्पादक व रतीबवाले