मालकांचे सत्तर रुपये

आमच्या वाड्यात ‘अशी ही बनवाबनवी’ लागला तो मे महिन्यात, चौकात, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. थेटरात सिनेमा सप्टेंबर १९८८ मध्येच येऊन गाजला होता, पण पाच माणसांच्या तिकिटांचा विषय निघाला की बाबांचं उत्तर ठरलेलं असे, “कॅसेट येईलच की.” ती आली. सहा बिऱ्हाडांनी दहा-दहा रुपये काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर आणला. टीव्ही मात्र मालकांचा. टीव्ही मालकांचा, म्हणून पुढची खुर्चीही मालकांची. त्यामुळे त्या रात्री वाड्यातल्या मुलांनी सिनेमा पाहिला आणि मोठ्यांनी मालकांची मान.

मोठ्यांचं कारण सांगायला हवं. सिनेमा घरमालकावरच होता. पुण्यात विश्वासराव सरपोतदारांच्या जागेत राहणारा धनंजय माने, त्याच्याकडे एकेक करून येऊन ठेपलेला धाकटा भाऊ शंतनू, सुधीर आणि परशुराम, मग दारू पिऊन घातलेला गोंधळ, आणि चौघांच्या वळकट्या रस्त्यावर. पुढे लीलाबाई काळभोरांना जागा द्यायची असते ती फक्त जोडप्यांना, म्हणून सुधीरची सुधा होते आणि परश्याची पार्वती. मराठी घरात याहून जास्त गोष्ट सांगण्याची गरज नसते. उलट ऐकणाराच आपल्याला पुढचं वाक्य सांगतो.

आमच्या घरातही तेव्हा एक परश्या होता. माझा मावसभाऊ, अण्णा. बार्शीहून शिकायला आला, वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून ‘चार दिवस’ आमच्याकडे उतरला. गणपतीत आलेला अण्णा मे महिन्यातही होता. दोन खोल्या, आम्ही पाच आणि तो सहावा. मालकांची अट होती की बिऱ्हाडात वाढीव माणूस ठेवायचा नाही. त्यामुळे आई त्याच्या विजारी बाहेरच्या दोरीवर वाळत घालत नसे. आतल्या दांडीवर, साड्यांच्या मागे. रात्री तो चपला हातात घेऊन लाकडी जिना चढायचा. तिसरी पायरी करकरायची, ती तो लांब टांग टाकून चुकवायचा. दहा वर्षांच्या मला या सगळ्याची फार गंमत वाटे. कुणी विचारलं तर “अण्णा सकाळीच आलाय” म्हणायचं, एवढं मला पढवलेलं होतं. ‘खोटं बोलू नये’ हा सुविचार आमच्या शाळेच्या फळ्यावर दर पंधरा दिवसांनी यायचा, आणि मला त्याचा अण्णाशी काही संबंध आहे असं कधी वाटलं नाही.

त्या रात्री अण्णा सगळ्यांत मागे, जिन्याखालच्या अंधारात बसला होता. पडद्यावर परश्या धनंजय मान्यांचा पत्ता विचारत येऊन उभा राहिला, तसा आईला हसता हसता ठसका लागला. मग सत्तर रुपयांचं प्रकरण आलं. मधुमेहावरचं इस्तंबूलचं औषध, ते आणणाऱ्या माणसाचं निधन, आणि त्याच्याबरोबर सरपोतदारांच्या पैशांचंही. सगळा चौक लोळत होता. फक्त बाबा हसत नव्हते. आमच्या खोल्यांचं भाडं महिना पस्तीस रुपये होतं आणि ते दोन महिन्यांचं थकलं होतं. मालक मात्र चौकात सगळ्यांत मोठ्याने हसले. हसताना त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. बाबांकडेच पाहिलं, असं बाबा शेवटपर्यंत सांगत. आईच्या मते ते पाण्याचा तांब्या शोधत होते.

आजी या सगळ्याच्या पलीकडे होती. तिने बालगंधर्वांना रंगमंचावर पाहिलेलं होतं, त्यामुळे पुरुषाने साडी नेसणं हा तिच्या लेखी विनोदाचा विषयच नव्हता. सुधा झालेला सचिन आणि पार्वती झालेले लक्ष्मीकांत बेर्डे यांना ती परीक्षकासारखी पाहत होती. सचिनचा पदर तिने पास केला. बेर्ड्यांना तिने नापास केलं आणि मग सर्वांत जास्त तीच त्यांना हसली. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा. म्हणजे त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी मराठी माणसाने पुन्हा एकदा साडीतल्या पुरुषासाठी तिकीटबारीवर रांगा लावल्या. हा योगायोगच, पण आजीला कळला असता तर तिने तो हळदीकुंकवात सांगितला असता.

ही गोष्ट मुळातली आपली नाही. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून ती आली. पण संवाद वसंत सबनीसांचे, ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या सबनीसांचे, आणि त्यामुळे ती अंगाखांद्यावर वाढल्यासारखी मराठी झाली. तमाशातली बतावणी कशी चालते? एकाने थाप मारायची, दुसऱ्याने ती खरी मानून पुढचा प्रश्न विचारायचा आणि पहिल्याला आणखी मोठ्या थापेत ढकलायचं. धनंजय माने तेच करतो. अशोक सराफांची खुबी अशी की थाप मारून झाल्यावर ते घाई करत नाहीत. क्षणभर थांबतात, समोरच्यालाच उरलेली थाप पूर्ण करू देतात. आमच्या बाबांना हे कधीच जमलं नाही. ते थाप मारायच्या आधीच घामाघूम व्हायचे.

सिनेमा संपला, कॅसेट उलटी फिरू लागली, बायका चहाला उठल्या. मालक खुर्चीतून उठले, धोतर झटकलं आणि बाबांना म्हणाले, “मग, तुमचे परशुराम कधीपर्यंत आहेत?”

बाबा म्हणाले, “सकाळीच आलाय.”

“हो का? मग त्याला सांगा, तिसरी पायरी चुकवायला जाऊन पडेल एखाद दिवस. मी जागाच असतो.”

एवढंच. दुसऱ्या दिवशी आईने अण्णाच्या विजारी बाहेरच्या दोरीवर घातल्या. अण्णा निकाल लागेपर्यंत राहिला.

मालक आम्हाला खडूस वाटत. वाडा गळायचा, ते कौलं बदलत नसत. पस्तीस रुपयांत कौलं येत नाहीत, हे गणित मला फार उशिरा कळलं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचं भाडं बहुतेक १९४० सालच्या पातळीला बांधून टाकलं होतं, आणि भाडेकरूला उठवणं म्हणजे कोर्टात वर्षं घालवणं. शतक सरता सरता नवा कायदा झाला, तोवर पुण्यातले कितीतरी वाडे भाडेकरू आणि मालक दोघांच्याही डोक्यावर वाकून उभे होते. ‘एकदा शिरला की निघत नाही’ ही जी भीती सरपोतदारांच्या कपाळावर दिसते, ती सुधीर जोशींनी नुसती अभिनयाने आणलेली नाही; त्या काळच्या प्रत्येक मालकाच्या कपाळावर ती होती. सिनेमा सरपोतदारांना हसतो. त्यांचे सत्तर रुपये खरोखरच बुडाले, हे कुणी लक्षातच घेत नाही.

पुढे माझ्या मुलीबरोबर हा सिनेमा पाहिला तेव्हा ती लीलाबाईंपाशी अडली. पार्वतीचं डोहाळजेवण चालू होतं, मी नेहमीसारखा हसत होतो, आणि ती म्हणाली, “त्या आजींना खरंच वाटतंय ना, बाळ येणार म्हणून?” मी म्हटलं, अगं, सिनेमा आहे. पण तेव्हापासून त्या प्रसंगात माझी नजर बेर्ड्यांवर टिकत नाही. ती लीलाबाई झालेल्या नयनताराबाईंच्या चेहऱ्याकडे जाते. घर भरलं म्हणून खुललेला तो चेहरा आहे. चौघांची अडचण खरी, त्यांची थापही समजण्यासारखी. पण तिचा खर्च या एकट्या म्हातारीच्या खात्यावर पडतो. सिनेमा तिथे थांबत नाही, आणि थांबू नये हेही खरं. थांबला असता तर आम्ही त्याची पारायणं केली नसती.

हे सगळं आठवायला निमित्त झालं गेल्या रविवारी. आमचा एक लहान फ्लॅट आहे, तो दोन विद्यार्थ्यांना भाड्याने दिलाय. अकरा महिन्यांचा रजिस्टर करार, त्यात दोनच नावं, ‘तिसरी व्यक्ती राहणार नाही’ हे कलम मी स्वतः ठळक करून घेतलेलं. सोसायटीतून फोन आला, “जरा बघून या.” गेलो. दारासमोर चपला-बुटांचे पाच जोड होते. बाहेरच्या दांडीवर दोनच टॉवेल, पण आतल्या खिडकीच्या गजांना, पडद्यामागे, आणखी तीन. आतून कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले. बेलवर बोट ठेवलं होतं, ते काढून घेतलं. जिना उतरलो. सिमेंटचा जिना, करकरत नाही.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “काय, किती जण आहेत?”

“दोघंच,” मी म्हणालो. “एकाचा भाऊ आलाय. सकाळीच.”

ती क्षणभर थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला घाम फुटला.