सुगंधी डबी नको, वासाचे मूळ शोधा

पावसाळा लागला की वर्धा, हिंगणघाट, आर्वीतल्या अनेक गाड्यांत कुबट वास मुक्कामाला येतो. त्यावर आपला ठरलेला इलाज म्हणजे डॅशबोर्डवर सुगंधी डबी. पण वास हा आजार नव्हे, लक्षण आहे. ते झाकले की निदान राहून जाते.

शोध सोपा आहे. नाक काही मिनिटांतच वासाला सरावते, म्हणून बंद गाडीचे दार उघडताच पहिला वास नीट घ्यावा. एसी लावल्यावरच कुबट वास येत असेल, तर आतल्या थंड कॉइलवरच्या ओलाव्यात बुरशी धरली असण्याची शक्यता जास्त. दमेकऱ्यांना ती त्रासदायक. केबिन फिल्टर बदलावा आणि घर येण्याआधी पाच मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालवावा, कॉइल सुकते. एसीविनाही वास टिकला, तर मॅट उचलून खालचा गालिचा दाबून पाहावा. तो ओला लागला, तर दाराचे रबर किंवा एसीची तुंबलेली निचरा नळी तपासावी. सडका वास असेल, तर बॉनेटखाली उंदीर मेला आहे का, ते पाहावे.

काही वास मात्र थांबायला सांगतात. पेट्रोलचा वास म्हणजे गळती, जळक्या रबराचा म्हणजे कदाचित तापलेली वायर. सीएनजीला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात उग्र गंधद्रव्य मिसळतात. सुगंधी डबी नेमका तोच इशारा दाबते.

सर्वांत घातक कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणून गाडीत धुराचा वास येणे, हीच त्याची सूचना मानावी. समृद्धी महामार्गावर काचा बंद करून तासन्‌तास जाताना डोके दुखले, मळमळले, गुंगी आली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून सोडू नये. काचा उघडाव्यात, गाडी सुरक्षित जागी थांबवून सर्वांनी उतरावे.

पीयूसी चाचणी धूर मोजते ती सायलेन्सरच्या टोकाशी. वाटेत फुटलेल्या पाइपमधून आत शिरणारा धूर तिला दिसत नाही. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगमध्ये तेल आणि ब्रेकसोबत ‘आतला वास’ हीसुद्धा तपासणीची नोंद असायला हवी. गाडीमालकांनी ती आग्रहाने मागावी. डबीपेक्षा ती स्वस्त नसेल, पण खरा इलाज तीच सुचवेल.